जुना वस्तरा हाताने घासायचाय? कंटाळ्याचा हिशोब आधीच करून बसा

जुना गंजलेला वस्तरा हातात आला की पहिले दोन दिवस जाम उत्साह असतो. मनात तो केव्हाच आरशासारखा झालेला असतो. मग आपण पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि अर्ध्या तासाने लक्षात येतं की एका बाजूचा पाव भागसुद्धा झालेला नाही, बोटांची टोकं काळी पडून हुळहुळायला लागलीत, अजून सहा नंबरचे पेपर बाकी आहेत आणि ते सगळं झालं की पातं उलटं करून दुसरी बाजू. बरेच वस्तरे इथूनच परत ड्रॉवरमध्ये जातात. माझा पहिला पण गेला होता, जरा पुढच्या टप्प्यावरून, आणि दीड वर्ष तिथेच होता.

पहिल्याला किती वेळ लागला ते मोजलं नाही. दुसऱ्याला मोजला, अकरा तास. आता साधारण तेवढाच गंजलेला वस्तरा मला पाच-साडेपाच तासात होतो, आणि माझा हात काही दुप्पट स्पीडने चालायला लागलेला नाही. आधी मी एकेक जागा तीन-तीनदा घासायचो, कारण घाई करून पुढच्या नंबरवर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) उडी मारायचो आणि मग मागचे चरे दिसले की परत खाली यायचो. घासायचा कंटाळा एक वेळ झेपतो हो, पण १५०० वरून परत २४० वर यायचं म्हटलं की रडू येतं. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः ते मागे येणं वाचवायसाठी आहे. धार लावणं हा वेगळा विषय, त्याबद्दल शेवटी दोन ओळी आहेत फक्त.

१. आधी बघा, घासायच्या लायकीचा आहे का

हे न बघता बसलात तर दहा तास घालवून एक चकचकीत निरुपयोगी वस्तू तयार होईल.

पहिलं, तडा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि धारेची कड टोकापासून मुळापर्यंत उजेडासमोर धरून बघत जा. धारेपासून पाठीकडे जाणारी केसासारखी रेघ दिसली की थांबा. ती रेघ घासून जात नाही, उलट घासताना दाब पडून वाढते. पातं पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजू आत वळलेलं 'हॉलो', असेल तर टोकाला नखाने हलकी टिचकी मारा, चांगलं पातं स्वच्छ वाजतं, तडा असेल तर आवाज बसका किंवा खरखरीत येतो. जाड वेज पात्याला, म्हणजे पोकळी नसलेल्या पाचरीसारख्या पात्याला, ही टिचकी फारशी काही सांगत नाही, तिथे भिंगच.

दुसरं, धारेजवळचे खड्डे. गंज दोन प्रकारचा दिसतो. लालसर भुकटीसारखा असतो तो वरवरचा, तो जातो. काळा, कडक, टोचून बसलेला असतो त्याच्याखाली खड्डा असतो. असे काळे ठिपके पाठीवर किंवा मधल्या भागात असतील तर काही बिघडत नाही, पण धारेपासून एक-दोन मिलीमीटरच्या आत असतील तर धार लावताना नेमकी तिथे कड तुटत राहणार. एखादा-दुसरा असेल तर धार थोडी मागे नेऊन काम भागतं. पूर्ण कडेला माळ असेल तर तो वस्तरा सरावाला वापरा, सरावाला असे वस्तरे लागतातच.

तिसरं, मूठ कशाची आहे. जुनी सेल्युलॉइडची मूठ कुजायला लागली की आम्लाची वाफ सोडते आणि पातं बंद असताना आतल्या आत गंजत राहतं. मुठीत झाकला जाणारा भागच जास्त गंजलाय, मूठ चिरफाळल्यासारखी दिसतेय, उघडल्यावर झोंबणारा वास येतोय, असं असेल तर ती मूठ काढून टाका आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा. सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे त्याच्याजवळ ज्योत, हीटगन, गरम काही नाही.

२. सामान

हे सगळं आधी जवळ घेऊन बसा. काळ्या तेलकट हातांनी कपाटं उघडायची नसतील तर.

- काळे वॉटर पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे, जे ओले करून वापरता येतात. नंबर २४०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. जास्त संख्येने २४० ते ४०० घ्या, खप तिथे आहे. मी पहिल्यांदा सगळ्याचे दोन-दोन घेतले होते, २४० पहिल्या संध्याकाळीच संपले आणि २००० चे अजून पडून आहेत.
- हलकं मशीन ऑइल, किंवा पाण्यात दोन थेंब भांड्याचा लिक्विड सोप.
- लाकडाचा सपाट ठोकळा, पात्यापेक्षा लांब, आणि त्यावर चिकटवायला चामड्याचा किंवा पातळ रबराचा तुकडा.
- बाटलीची बुचं, खोडरबर, दोन-तीन जाडीच्या गोल काड्या, टूथपिक.
- मार्कर पेन.
- बाजूने उजेड पाडता येईल असा दिवा आणि ते भिंग.
- मेटल पॉलिश, सुती चिंध्या, जुना टूथब्रश.
- जंतुनाशक, आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं.
- कापण्यापासून वाचवणारे हातमोजे, निदान पातं धरणाऱ्या हाताला.
- बँडेज पट्टी. हसू नका.

पेपर घेताना एक भानगड नीट समजून घ्या, कारण बरेच लोक इथे फसतात आणि त्यांना कळतपण नाही. पेपरच्या मागे काहींवर नंबरच्या आधी 'पी' असतो आणि काहींवर नसतो. ही दोन वेगळी मोजमापं आहेत. पी ४०० मधली कणी सरासरी ३५ मायक्रॉनची असते आणि बिन-पीच्या ४०० मधली साधारण २३.६ मायक्रॉनची. पी ६०० ची कणी २५.८ मायक्रॉन. म्हणजे तुम्ही बिन-पीचा ४०० संपवून खुशीत पी ६०० घेतला तर पुढे न जाता किंचित मागेच गेलात. मग माणूस म्हणतो, अरे चरे जात का नाहीयेत, काय चुकतंय. सगळे पेपर एकाच पद्धतीचे घ्या. मी इथून पुढे सगळे पीवाले नंबर धरून लिहितोय.

३. धुणं, आणि मूठ उघडायची की नाही

जुन्या वस्तऱ्यावर कोणाचं तरी रक्त लागलेलं असणार हे धरूनच चाला. आधी साबणाने टूथब्रश मारून धुवा, लगेच कोरडा करा, मग जंतुनाशकाने पुसा. हे घासायच्या आधी, कारण घासताना बोट कापायचा चान्स असतो.

मूठ न उघडता घासता येतं आणि पहिल्या वस्तऱ्याला मी तेच सुचवीन. पिना काढायच्या म्हणजे त्यांचं ठोकून पसरवलेलं डोकं कानसीने घासून टाकायचं, पिन हळूच पलीकडे ढकलायची, आणि परत बसवताना नवीन पिन कापून छोट्या हातोडीने टिचक्या मारत मारत तिचं डोकं करायचं. हे वेगळं कौशल्य आहे आणि हॉर्नच्या म्हणजे शिंगाच्या किंवा हाडाच्या मुठी तिथे फुटतात. तोटा एवढाच की पिनेच्या आसपासचा भाग नीट घासता येत नाही. उघडलीतच तर मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये मागच्या टोकाला जी पाचर असते ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांत पुष्कळदा शिशाची असते. ती कोरडी घासू नका, हात धुवा, बाकी तिला काही करायची गरजही नसते.

न उघडता घासताना मुठीवर मास्किंग टेप गुंडाळा. काळा राडा हाडाच्या मुठीत एकदा मुरला की निघत नाही.

४. धार मारून टाका

जीव खालीवर होतो माहितीये, पण कराच. काचेच्या ग्लासच्या कडेवर धार उभी टेकवून अगदी वजनाशिवाय दोन-तीनदा ओढा. धार बोथट होते. तशीही घासल्यानंतर ती नव्याने लावावीच लागणार आहे, त्यामुळे तुमचं काही जात नाही. धार ठेवून त्यावर टेप लावतात काही जण, पण टेप ओला झाला की सरकतो आणि धारेजवळचं काम करायला तो काढावाच लागतो.

बोथट म्हणजे निरुपद्रवी नव्हे. माझं डाव्या हाताचं मधलं बोट 'बोथट' केलेल्या वस्तऱ्यानेच कापलंय, चांगलं आडवं. आणि गंमत म्हणजे कापलं ते कळलंच नाही, तेलाचा काळा चिखल एकदम लालसर दिसायला लागला तेव्हा कळलं.

५. पातं टेकवायचं कसं

हातात अधांतरी धरून घासू नका. पुन्हा एकदा लिहितो, हातात अधांतरी धरून घासू नका. हॉलो पातं धारेकडे कागदासारखं पातळ असतं, खालून आधार नसताना बोटाने दाबलं की वाकतं, आणि कडक पोलाद थोडंच वाकतं, मग तुकडा उडतो.

ठोकळ्यावर चामडं चिकटवा, त्यावर पातं आडवं ठेवा म्हणजे पाठ आणि धार दोन्ही टेकतील. धार ठोकळ्याच्या बाहेर डोकवायला नको. मानेचा भाग, जिथे मूठ जोडलेली असते, तो ठोकळ्याच्या कडेवरून खाली येऊ द्या आणि तिथे डाव्या हाताने धरा.

आता पेपर कुठल्या दिशेने न्यायचा. लांबीच्या दिशेने, म्हणजे मुळाकडून टोकाकडे, पुढेमागे बिनधास्त घासा. आडवं घासताना मात्र पाठीकडून धारेकडे न्या, पेपर उचला, परत पाठीपासून सुरू करा. येताना घासत आणू नका. धारेकडून पाठीकडे येताना कड पेपरमध्ये घुसते, पेपर फाटतो, आणि पेपरच्या मागे तुमचं बोट असतं. माझं बोट असंच कापलं.

६. पहिला नंबर, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम

सुरुवात कुठून करायची याला एकच उत्तर नाही. नुसते डाग असतील तर ६०० पासून होतं. सगळीकडे गंज असेल तर ३२० किंवा २४०. खोल खड्डे असतील तर १८०, आणि त्याच्या खाली मी हाताने जात नाही कारण १२० चे चरे काढायला जो वेळ लागतो त्यात दुसरा वस्तरा होतो. अंदाज येत नसेल तर एका कोपऱ्यात ४०० ने दहा मिनिटं घासून बघा, फरक पडत नसेल तर एक पायरी खाली.

पेपरचे बोटाएवढे तुकडे कापा. पेपर आणि पात्यामध्ये काहीतरी हवं. सपाट भागाला खोडरबर, पोकळ भागाला त्या पोकळीच्या गोलाईला जुळणारं बूच किंवा जाड गोल काडी. नुसत्या बोटाने घासलं की बोटाच्या टोकाखाली जास्त झिजतं, बाजूला कमी, आणि पुढे जाऊन उजेडात पातं पाण्यासारखं लहरी दिसतं. ते पॉलिश करून जात नाही.

तेलाचा एक थेंब, आणि चला. थोड्या वेळाने काळा चिखल होईल तो पुसा, नवीन थेंब टाका. पेपर गुळगुळीत वाटायला लागला की फेका. इथे लोक फार काटकसर करतात. मेलेल्या पेपरने वीस मिनिटं घासणं आणि नवीन तुकड्याने चार मिनिटं घासणं यात पोलाद सारखंच निघतं, पण मनगटाला विचारा फरक. कंटाळ्याचा निम्मा भाग हा मेलेल्या पेपरचा असतो असं माझं ठाम मत झालंय.

सुरुवातीला सगळ्या बाजूवर मार्करने रेघोट्या मारून घ्या. कुठे शाई गेली आणि कुठे राहिली यावरून कळतं की तुमचं बूच नक्की कुठे लागतंय. बहुतेकांचं पाठीजवळच्या वळणात आणि खांद्यापाशी (पातं संपून मान सुरू होते तिथे) लागतच नाही, आणि ते त्यांना १००० वर गेल्यावर कळतं.

आता खड्ड्यांबद्दल, कारण खरा वेळ हेच खातात. खड्डा भरून येत नाही. खड्डा घालवायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचं सगळं पोलाद त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं. टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका, पण तो दशांश मिलीमीटर खोल असेल तर तुम्हाला पूर्ण बाजू दशांश मिलीमीटरने उतरवायला लागते, तेही हाताने, कारण फक्त तेवढीच जागा खरवडलीत तर तिथे वाटी पडते. आणि हे नुसतं मेहनतीचं नाही, पात्याचं गणितपण बदलतं. वस्तरा धार लावताना दगडावर पाठ आणि धार टेकवून घासतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीची जाडी ठरवते. समजा पाठ ते धार अंतर २० मिलीमीटर आणि पाठ ५ मिलीमीटर जाड, तर कोन साधारण १४ अंश. पाठीच्या दोन्ही बाजूंनी दशांश-दशांश मिलीमीटर काढलात तर कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरला. आणि एकाच बाजूने जास्त काढलंत तर धार दोन्हीकडे सारखी बसत नाही, एकीकडे रुंद पट्टा आणि एकीकडे अरुंद.

म्हणून मी आता खोल खड्डे सोडून देतो. त्यातला गंज टूथपिकच्या टोकाला पॉलिश लावून काढतो, तळ स्वच्छ झाला की झालं. जुन्या वस्तूवर दोन डाग असले तर ती जुनी दिसते, ठीक आहे की. ज्यांना एकही ठिपका नको असतो त्यांनी खुशाल घासावं, पण मग तक्रार करू नये.

हा नंबर केव्हा संपला म्हणायचं? पूर्ण बाजूवर फक्त याच नंबरचे चरे दिसायला लागले की. बाकी काहीही नाही, ना गंज, ना काळे डाग, ना जुने उभे-आडवे ओरखडे. इथे मला एकूण वेळेचा साठ टक्के तरी वेळ लागतो. पुढचे नंबर मग पटापट जातात, एकेक बाजू पंधरा-वीस मिनिटांत.

७. नंबर बदलताना दिशा बदला

ही एक गोष्ट पाळलीत तर बाकी लेख विसरलात तरी चालेल.

२४० लांबीच्या दिशेने मारला असेल तर ३२० आडवा मारा, पाठीकडून धारेकडे. ४०० परत लांबीने, ६०० आडवा. प्रत्येक वेळी मागच्या नंबरचे चरे नव्याला काटकोनात दिसतात, त्यामुळे एक जरी राहिला तरी दिसतो. सगळे नंबर एकाच दिशेने मारले तर जुने चरे नव्यात लपतात आणि मग वर आल्यावर बाहेर पडतात. मी हेच केलं होतं. १५०० झाला, पातं छान राखाडी-चकचकीत दिसत होतं, खूश होऊन खिडकीपाशी नेलं आणि तिरप्या उजेडात बघतो तर मधोमध २४० चे सहा-सात चरे, लांब, एकमेकांना समांतर, अगदी पट्टीने आखल्यासारखे. पाच मिनिटं मी नुसता बघत बसलो होतो. त्या रात्री वस्तरा ड्रॉवरमध्ये गेला तो दीड वर्षासाठी, वर म्हटलं ना.

तपासताना दिवा वर नको, बाजूला हवा, टेबलाच्या उंचीला. पातं पूर्ण पुसून कोरडं करा, कारण तेलाचा थर चरे लपवतो. मग पातं हळूहळू फिरवा. चरा फक्त एका विशिष्ट कोनात चमकतो, तो कोन येईपर्यंत फिरवायचं.

शेवटची फिनिश कुठल्या दिशेने ठेवायची हे आवडीवर आहे. कारखान्यातून येताना हॉलो पात्याच्या रेषा पाठीकडून धारेकडे असतात, कारण दगडी चाकं तशी फिरतात, त्यामुळे सॅटिन म्हणजे मंद चमकेची फिनिश ठेवणार असाल तर शेवटचा नंबर आडवा आलेला बरा दिसतो. नंबरांचा हिशोब त्या बेताने मागून लावा.

मधले नंबर उड्या मारून टाळायचा मोह सगळ्यांना होतो. २४० ची कणी ५८.५ मायक्रॉन, ४०० ची ३५, ६०० ची २५.८, १००० ची १८.३, २००० ची १०.३. २४० वरून थेट ६०० वर गेलात तर निम्म्याहून लहान कणीने मोठे चरे काढायचेत, दोन पेपर वाचतात आणि एक तास जातो. वरच्या नंबरांना मात्र एखादी उडी चालते, मधला १२०० सोडून १००० वरून थेट १५०० वर गेलात तर काही बिघडत नाही.

आणि प्रत्येक नंबरनंतर पातं, ठोकळा, बूच, हात सगळं धुवा. २४० चा एक कण १००० च्या पेपरखाली अडकला की एका फटक्यात एक खोल चरा. पेपर पण वेगवेगळ्या पाकिटात ठेवा, मी सगळे एकाच डब्यात कोंबायचो.

८. अडचणीच्या जागा

मानेवरचा शिक्का: घासू नका. खरंच नका. तिथे कंपनीचं नाव, गाव, कधीकधी नंबर असतो, आणि ती अक्षरं खोल वाटतात पण ३२० च्या काही मिनिटांत त्यांच्या कडा गोल होतात. माझ्या एका जर्मनीतल्या झोलिंगनच्या वस्तऱ्यावर आता फक्त '…लिंगन' एवढंच वाचता येतं. तिथे मेटल पॉलिश आणि खोडरबर, बस. नंतर फार वेगळं दिसत असेल तर शिक्क्याभोवती १००० चा पेपर लांबीच्या दिशेने हलका फिरवा.

पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तिचं सोनं अगदी पातळ असतं, मेटल पॉलिशनेसुद्धा जातं. त्या बाजूला मऊ कापड आणि तेल, एवढ्यावर भागवा, नाहीतर नक्षी जाणार हे मान्य करून घासा. मधला मार्ग नाहीये.

खांदा, म्हणजे पातं संपून मान सुरू होते ती जागा, फार चिडचिड करवते. काडीचं टोक तासून त्या वळणात बसेल असं करा आणि त्याला पेपरची बारीक पट्टी गुंडाळा. खालच्या बाजूला अंगठ्यासाठी बारीक खाचा असतात, त्यात पेपरची घडी घालून एकेक खाच करायची. दहा-बारा खाचा. इथे मी रेडिओ लावतो.

मशीन का नाही, हे विचारणारच तुम्ही

मी पण विचारलं होतं. फिरतं बफिंग चाक पात्याची कड पकडतं आणि वस्तरा भिरकावतं, कुठल्या दिशेने ते आधी सांगत नाही. ते एक. दुसरं म्हणजे उष्णता. धारेजवळ पोलाद इतकं पातळ असतं की एक-दोन सेकंदात तापतं आणि पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. पोलाद फिकट पिवळं दिसलं म्हणजे साधारण २२० अंश सेल्सिअस झाले, निळं दिसलं म्हणजे ३०० च्या आसपास, आणि निळा रंग दिसेपर्यंत ती जागा मऊ होऊन गेलेली असते, मग तिथे धार टिकत नाही. रंग घासून जातो, पाणी परत येत नाही. हाताने घासताना पातं कधी कोमटसुद्धा होत नाही. अनुभवी लोक मशीनवर सुंदर काम करतात, मी नाकारत नाही, पण पहिल्या दहा वस्तऱ्यांत तुम्ही ते नाही आणि मी पण नव्हतो.

९. कंटाळ्याचं काय करायचं

एका बैठकीत पूर्ण वस्तरा करायचा हट्ट सोडा. मी 'एक नंबर, एक बाजू' असं माप ठरवलंय. तेवढं झालं की पुसायचं, तेल लावायचं, उठायचं. अर्धवट नंबरवर उठू नका, दुसऱ्या दिवशी कुठवर आलो होतो ते आठवत नाही आणि परत पहिल्यापासून घासलं जातं. उठावंच लागलं तर मानेवर टेप चिकटवून लिहून ठेवा, '३२० आडवा, डावी बाजू, टोक बाकी'.

दोन्ही बाजू सोबत न्या. एक बाजू २००० पर्यंत नेऊन मग दुसरीकडे वळलात तर तिकडे परत २४० दिसतो आणि हातच उचलत नाही. शिवाय एका बाजूने किती पोलाद गेलं याचा अंदाज राहत नाही.

मनगटाने घासू नका, कोपरापासून हात हलवा. बोटं बदलत राहा. चाळीस मिनिटांनंतर माझा दाब आपोआप वाढतो, म्हणजे मी थकलेला असतो आणि लवकर उरकायचं असतं, आणि नेमके तेव्हाच खोल चरे पडतात. दाब वाढल्याचं जाणवलं की थांबायचं. एकदा थांबलो नाही आणि टोकाचा तांदळाएवढा तुकडा उडाला. तो वस्तरा आता ५/८ चा (म्हणजे पाच अष्टमांश इंच रुंदीचा) वगैरे काही राहिलेला नाही, पाकिटं फोडायला वापरतो.

१०. कुठे थांबायचं

६०० किंवा ८०० वर थांबून एकसारख्या दिशेने फिनिश दिली तर राखाडी सॅटिन दिसतं, आणि खड्डे असलेल्या पात्याला हेच शोभतं. आरसा केलात की प्रत्येक ठिपका दुप्पट दिसतो, बोटाचे ठसे दिसतात, आणि १००० ते २००० चं सगळं काम वाढतं ते वेगळंच. दाढीला काही फरक पडत नाही, दाढी धार करते. आरसाच हवा असेल तर २००० नंतर मेटल पॉलिश सुती कापडावर घेऊन घासा, काळं होईल, पुसा, परत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला छताचा दिवा पात्यात स्पष्ट दिसायला लागतो. त्या क्षणी बरं वाटतं हे मी कबूल करतो.

११. शेवटचं पुसणं आणि पुढे

साबणाच्या पाण्याने धुवा, मुठीच्या आत टूथब्रश घालून काळा चिखल काढा, कोरडं करा, मग अल्कोहोलने पुसा म्हणजे फटीतलं पाणी ओढलं जातं. नुकतं घासलेलं कार्बन पोलाद फार पटकन गंज पकडतं, ओलं ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत नारिंगी छटा आलेली असू शकते. मग पात्याला आणि पिनेपाशी खनिज तेलाचा पातळ हात.

धार आपण मारून टाकलीये, त्यामुळे आता दगडावर नव्याने लावायला लागेल, साधारण १००० च्या दगडापासून वर ८००० किंवा १२००० पर्यंत आणि मग चामड्याचा पट्टा. दगडाचे नंबर आणि पेपरचे नंबर एक नव्हेत, १००० चा पेपर मारलाय म्हणून १००० चा दगड वगळता येत नाही. पाठ घासून नवी केली असेल तर दगडावर तिला टेपचा एक थर लावा, नाहीतर इतक्या मेहनतीने आणलेल्या चकाकीवर पहिल्याच दिवशी सपाट पट्टा पडेल. आणि धार लावायला आधीपासून येत नसेल तर पहिला वस्तरा कोणा जाणकाराकडून लावून घ्या.

दोन दिवसांनी वस्तरा उघडून पिनेच्या आजूबाजूला आणि मुठीच्या आत झाकल्या जाणाऱ्या भागावर नजर टाका. नारिंगी ठिपका दिसला तर आत पाणी राहिलं होतं. तेवढ्यापुरतं १५०० च्या पेपरचा छोटा तुकडा तेलात बुडवून फिरवा, पुसा, आणि वस्तरा एक दिवस उघडाच ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.